लवंगीचे कान

“टोपी काढायची नाही, हेमांगी,” मुजावर सर म्हणाले.

मला ते ऐकू आलं नाही, दिसलं. सर माझ्याशी बोलताना नेहमी समोर उभे राहायचे आणि एकेक शब्द ओठांवर नीट मांडायचे. मी त्यांच्याकडे घोडेस्वारी शिकायला गेले त्याच आठवड्यात त्यांनी आपल्या पलटणीतल्या भरघोस मिशा कातरून टाकल्या होत्या. “मिशीत शब्द अडकत्यात, पोरीला दिसायचं कसं?” असं त्यांनी घरी सांगितलं म्हणे.

टोपी आमच्या घोडीच्या, लवंगीच्या कानांवरची होती. माझ्या आईनंच ती क्रोशाच्या सुईनं विणली होती, निळ्या दोऱ्याची. कपाळावर त्रिकोणी झूल आणि वर दोन उभे कान, त्यांना आतून जाड स्पंजचं अस्तर. लगामाच्या पट्ट्यांखालून ती बसवली की लवंगी एखाद्या लग्नातल्या करवलीसारखी नटलेली दिसायची. पण ती नटण्यासाठी नव्हती. श्रावणातले दिवस, तबेल्यांच्या रांगेत माशांचा नुसता घोंगाट. माशी कानात शिरली की घोडं मान झटकतं, आणि उडीच्या ऐन वेळी मान झटकली की अडथळ्यावरचा दांडा खाली आलाच म्हणून समजा. शिवाय लवंगीला आवाजाचं भय. साधं पातेलं पडलं तरी चारी पाय उचलायची. त्या दिवशी तर मैदानाच्या भिंतीपलीकडेच झांजपथकाचा सराव चालला होता. गणपती जवळ आले होते. मला झांजा ऐकू येत नव्हत्या, पण ढोल मात्र माझ्या बरगड्यांत वाजत होते. लवंगीची कातडी खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंत थरथरत होती.

“हा दणदणाट हिच्या कानात गेला ना,” सर म्हणाले, “तर ही रिंगणातनं जी सुटंल ती थेट बिंदू चौकात. अन् तू मधी कुठंतरी पडलेली असशील. कळलं?”

“कळलं,” मी म्हटलं.

कोल्हापूरबाहेरच्या त्या मैदानावर राज्याच्या अडथळा-उड्यांच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस होता. पहिले तिघं राष्ट्रीय शिबिराला जाणार होते. मी वीस वर्षांची होते. आठव्या वर्षी गालफुगी झाली आणि तिनं जाताना माझे दोन्ही कान नेले. डाव्या कानात यंत्र घातलं तर दार आपटल्याचं कळायचं, माणूस बोलतोय एवढं कळायचं. पण हेल्मेटखाली ते यंत्र नुसती शिट्टी मारायचं, म्हणून घोड्यावर बसताना मी ते काढून सरांच्या खिशात ठेवत असे.

एरवी त्यानं काही अडत नव्हतं. अडथळे डोळ्यांनी दिसतात, घोडा मांड्यांना कळतो. अडचण एकच, घंटेची. स्वार रिंगणात येतो, पंचांना नमस्कार करतो आणि घंटेची वाट बघत फेरी मारत राहतो. घंटा वाजायच्या आधी सुरुवातीची रेघ ओलांडली तर बाद. वाजल्यावर पाऊण मिनिट होईपर्यंत निघालं तर ठीक, उशीर झाला तर पुढची वेळ तुमच्या नावावर चढू लागते. आमच्या स्वारीच्या शाळेत सराव करताना सर कुंपणाशी उभे राहून घंटा वाजवायचे आणि माझ्यासाठी हात वर करायचे. स्पर्धेत तसं चालत नाही, बाहेरून केलेला इशारा म्हणजे मदत आणि मदत घेणारा बाद. म्हणून सरांनी महिनाभर आधी विनंती केली होती की पंचांपैकीच कुणीतरी घंटेबरोबर एक झेंडा हलवावा. बाकी काही नको.

त्याचं उत्तर घेऊन त्या दिवशी सकाळी पाटणकरबाई आल्या.

बाई स्पर्धा समितीच्या सचिव होत्या. स्वतः एके काळी उत्तम स्वार होत्या, अजूनही पाठ ताठ, साडीची निरी जिथल्या तिथे. त्या सरांशी बोलू लागल्या, माझ्याकडे पाठ करून. मी फिरून त्यांच्या समोर गेले.

“झेंड्याचं जमणार नाही, मुजावर,” त्या म्हणत होत्या. “नियमात नाही. आज हिला झेंडा, उद्या कुणी म्हणेल मला चष्मा लागतो, अडथळे मोठे करा.”

“मॅडम, घंटा वाजली एवढंच कळायला हवं हिला,” सर म्हणाले.

“तेच तर. जिला घंटा ऐकू येत नाही तिनं स्पर्धेत उतरावं का, हाच प्रश्न आहे.” मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि चेहऱ्यावर एक गोड हसू आणलं. दवाखान्यात आजाऱ्याला बघायला आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर असतं ना, तसं. त्या तोंड मोठं करून बोलू लागल्या. तोंड असं फाकवलं की शब्द वाकडे होतात आणि मला काहीच वाचता येत नाही, पण त्यांना कोण सांगणार! “बाळ, तू स्पर्धा संपल्यावर उतर. प्रात्यक्षिक म्हणून. घंटा नको, घड्याळ नको. लोक खूप टाळ्या वाजवतील.”

“मला टाळ्या ऐकू येत नाहीत, मॅडम,” मी म्हटलं. “मी स्पर्धेतच उतरणार आहे.”

हसू गेलं. “उतर मग. पण मुजावर, तुम्ही कुंपणाजवळ दिसलात किंवा कुणी नुसता रुमाल जरी हलवला, तरी मी हिला बाद करायला लावीन. आणि घंटेआधी रेघ ओलांडली तर लावावंही लागणार नाही.”

त्या गेल्यावर सरांनी लवंगीच्या मानेवर हात ठेवला. “माघार घ्यायची?” त्यांनी विचारलं. सर दोन लढाया पाहिलेला माणूस, ‘माघार’ हा शब्द त्यांच्या ओठांवर मी त्याआधी कधी वाचला नव्हता.

“नाही,” मी म्हटलं.

“मग घंटा कशी कळणार?”

“कळेल.”

“कशी पण?”

ते मी त्यांना सांगणार नव्हते. सरांना खोटं बोलता येत नसे. बाईंनी विचारलं असतं तर त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं असतं, आणि बाईंनी त्यालाही एक नियम शोधून काढला असता. सर अडथळ्यांमधली अंतरं पावलांनी मोजायला मैदानावर गेले, तेव्हा मी लवंगीचा लगाम सैल केला, टोपी ओढून काढली आणि गवताच्या पेंढीखाली सारली.

उघडे कान मिळाल्याबरोबर तिच्या अंगातून लाट गेली. डोळ्यांचं पांढरं दिसू लागलं. तिनं मागचे पाय आपटले, मला भिंतीशी दाबलं. मी तिच्या नाकपुडीशी कपाळ लावून उभी राहिले. “ऐक,” मी तिला म्हटलं. “आज तुला ऐकावंच लागेल, बाई.”

फाटकाशी सरांनी आम्हाला पाहिलं. रंगच उडाला त्यांचा. ते धावत आले, लगाम धरला. “टोपी कुठाय? हेमांगी, टोपी कुठाय?”

“काढली.”

“वेड लागलंय का तुला? मान मोडंल! तुझी नाहीतर तिची!”

फाटकावरचा माणूस हात हलवत होता. माझा क्रमांक आला होता.

“सोडा, सर.”

“आधी का ते सांग.”

“नंतर सांगते. सोडा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते आजही आठवतं. मग लगाम सोडला आणि कुंपणापासून लांब, कुणालाही नीट दिसेल अशा ठिकाणी जाऊन ते हातांची घडी घालून पाठमोरे उभे राहिले. माझी उडी बघायचीसुद्धा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. कुणाला बोलायला जागा नको.

रिंगणात पाऊल टाकलं आणि पलीकडे ढोलांनी गती घेतली. लवंगी तिरकी चालू लागली, खेकड्यासारखी. मी पंचांच्या मंडपाकडे वळून नमस्कार केला. तिथं पडदा लावलेला होता, घंटेचं बटण आत कुठंतरी टेबलावर, दिसायचा प्रश्नच नव्हता. मी फेरी धरली. लवंगी एकदा दोन पायांवर उभी राहिली. मी पुढं झुकून तिची आयाळ धरली, खाली आणली. लोक उठून उभे राहिलेले मला दिसले. मी मात्र बघत होते ते एकाच ठिकाणी.

आणि मला पाहिजे होतं ते दिसलं. मी तिला वळवून रेघेवर घातलं.

पहिला अडथळा तिनं भीतीनंच पार केला, गरजेपेक्षा हातभर उंचावरून. दुसऱ्याला तिचा माझ्यावर थोडा विश्वास बसला. तिसऱ्या-चौथ्याला आम्ही दोघी एक झालो. तिचा श्वास माझ्या गुडघ्यांना कळत होता. पाण्याच्या खड्ड्यावरून ती अशी गेली की मला वाटलं आता खाली येणारच नाही. मग शेवटून दुसरी, विटांसारखी रंगवलेली लाकडी भिंत. नेमकं तेव्हाच पथकानं ताशे सोडले असावेत, कारण तिचे पाय एकदम जमिनीत रुतल्यासारखे झाले. भिंत समोर, आणि घोडी थांबायच्या बेतात.

मी चाबूक वापरत नाही. तेव्हाही वापरला नाही. मी ओरडले. पोटातून, जेवढं ओरडता येईल तेवढं, “लवंगे!” आवाज केवढा निघाला मला माहीत नाही. पण तिचे दोन्ही कान माझ्याकडे वळले, ताशांकडचे माझ्याकडे. आणि ती उडाली. मागच्या खुरानं वरची लाकडी वीट घासली, वीट हलली आणि जागेवरच राहिली.

शेवटची उडी मला आठवतच नाही.

रिंगणाबाहेर आले तेव्हा सर तिथंच पाठमोरे होते. मी खाली उतरून त्यांच्या खांद्याला हात लावला. ते वळले. आधी लवंगीचे चारही पाय हातांनी चाचपले, मग माझे खांदे. “एकपण दांडा नाही पडला?” त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांनी खिशातून माझं यंत्र काढून हातावर ठेवलं.

यंत्र कानात घालते न घालते तोच निरोप आला. पंचांनी बोलावलं होतं.

मुख्य पंच मेजर थोरात टेबलामागे बसले होते. वयस्क माणूस, पांढऱ्या भुवया. शेजारी पाटणकरबाई उभ्या. माझी पाळी शेवटची होती, त्यामुळे सगळ्यांच्या उड्या संपल्या होत्या आणि मी तिसरी आले होते. पण बाईंनी हरकत घेतली होती.

“घंटा वाजल्यावर तू लगेच निघालीस,” मेजर म्हणाले. त्यांचे ओठ पातळ होते, पण स्पष्ट. “अंदाजानं एवढं बरोबर येत नाही. पाटणकरबाईंचं म्हणणं आहे, कुणीतरी इशारा केला.”

“मुजावर सर पाठमोरे उभे होते. सगळ्यांनी पाहिलं.”

“मुजावर नाही तर दुसरं कुणी,” बाई म्हणाल्या. “कुणी मैत्रीण असेल.”

“मग घंटा तुला कशी कळली?” मेजरांनी विचारलं.

“लवंगीला ऐकू आली,” मी म्हटलं. “मला दिसली.”

कुणालाच काही कळलं नाही. सरांनासुद्धा नाही. मी त्यांना सांगितलं. घोड्याचे कान वाऱ्यावर हलत नसतात. दोन वर्षं रोज मी त्या दोन कानांच्या मधूनच जग बघत होते. दूधवाल्याची सायकल आली की डावा कान वळायचा. सर मागून ओरडले की एक कान क्षणभर मागं जाऊन परत यायचा, आणि त्यावरून मला कळायचं की माझं काहीतरी चुकलंय. पण घंटेचं वेगळं होतं. घंटेनंतर पळायचं असतं हे बिनटोपीच्या सरावात लवंगीला माहीत झालं होतं. घंटा झाली की तिचे दोन्ही कान एकदम तिकडं जायचे आणि लगेच दोन्ही माझ्याकडे फिरायचे. विचारल्यासारखे. निघायचं का? टोपीतल्या स्पंजानं तिला ती ऐकूच आली नसती, म्हणून टोपी काढली.



“गोष्ट छान आहे,” पाटणकरबाई म्हणाल्या.

“मग बघा करून,” मी म्हटलं. आवाज बहुधा चढला होता, कारण बाहेरची माणसं आत डोकावू लागली. “मी पाठमोरी बसते. मंडपात कुणालाही ठेवा, बाहेर कुणालाही ठेवू नका. घंटा वाजवा, मी हात वर करते.”

मेजरांनी पांढऱ्या भुवया वर केल्या आणि उठले. त्यांनी समोरचं मैदान रिकामं करायला लावलं. सरांना आपल्या शेजारी आत बसवलं. मी पुन्हा यंत्र काढलं आणि या वेळी ते पाटणकरबाईंच्याच हातात दिलं. मग लवंगीवर बसले आणि तिला मंडपाकडे पाठ करून उभी केली. समोर मोकळं मैदान, त्यापलीकडे उसाचं शेत. कुणी माणूस नाही.

ढोल वाजतच होते. लवंगीचा घाम माझ्या पायांना लागत होता. मी तिच्या कानांवरून नजर हलवली नाही.

दोन्ही कान मागं. मग जरा वर, माझ्याकडे. मी हात वर केला.

मग काहीच झालं नाही. बराच वेळ. उजवा कान एकदा भिंतीकडे गेला, आला. मग डावा कान झटकन मागं वळला, क्षणभर तिथंच राहिला आणि परत पुढं आला. एकच. माझा हात शिवशिवला. पाठीमागे सगळे श्वास रोखून बघतायत हे मला मानेवर कळत होतं. पण तिनं मला काही विचारलं नव्हतं. मी हात मांडीवरच ठेवला. नंतर सरांनी सांगितलं, बाईंनी स्टीलच्या ताटावर चमचा आपटला होता. आवाज अगदी घंटेसारखा. मेजरसुद्धा फसले होते.

परत दोन्ही कान मागं. परत माझ्याकडे. मी हात वर केला आणि या वेळी खाली घेतलाच नाही.

मी वळून आले तेव्हा मंडपात सगळे एकदम बोलत होते. इतके ओठ एकाच वेळी वाचता येत नाहीत. पाटणकरबाईंनी यंत्र मला परत दिलं. मग हातानं इतरांना गप्प केलं.

“हे अद्भुत आहे, मी मान्य करते,” त्या म्हणाल्या. चेहऱ्यावर परत ते दवाखान्यातलं हसू. “आपण असं करू. निकालाबाहेर हिला जिद्दीचा विशेष पुरस्कार देऊ. शाल, श्रीफळ, वर्तमानपत्रात फोटो. तिसरा क्रमांक चौथ्याला जाईल. कुणाची तक्रार नको, कुणाचं मन दुखायला नको.”

दोघं-तिघं मान डोलावू लागले. सोयीचं होतं सगळ्यांना.

“नको,” मी म्हटलं.

“अगं, सन्मान आहे तो.”

“जिद्दीसाठी मी आले नव्हते, मॅडम. उड्या मारायला आले होते. मी एकही दांडा पाडला नाही. माझं बक्षीस मला द्या, नाहीतर तोंडावर सांगा की बाद केलं. शाल घेऊन मी गप्प घरी जाणार नाही.”

बाईंचं हसू पुन्हा गेलं. त्या मेजरांकडे वळल्या. पण मी सरकून त्यांचे ओठ दिसतील अशी उभी राहिले. “घोडीनं तिला घंटेची खूण दिली. खूण ती खूणच. नियम साफ आहे, बाहेरची मदत चालत नाही.”

मेजर थोरात खुर्चीत मागं रेलले. लवंगी मंडपाच्या खांबाशी उभी होती आणि टेबलावरच्या हारातली झेंडूची फुलं खात होती.

“बाई,” ते म्हणाले, “घोडी बाहेरची कधीपासून झाली?”

त्यावर बाई काही बोलल्या असतील तर मला दिसलं नाही. मेजरांनी सही करून निकाल बाहेर लावायला सांगितला. तिसरा क्रमांक, हेमांगी इंगवले, घोडी लवंगी.

याला आता पंचवीसहून जास्त वर्षं झाली. त्या शिबिरातून मी पुढं फार मोठी स्वार झाले असं काही नाही. राष्ट्रीय संघात एकदा राखीव होते, तेवढंच. लवंगी म्हातारी होऊन गेली, मुजावर सरही गेले. आता माझ्याकडे मुलं शिकतात, ऐकू येणारी आणि न येणारी. पण त्या संध्याकाळचा परतीचा रस्ता मला अजून लख्ख दिसतो. घोडे न्यायच्या मोटारगाडीत मागं लवंगी, पुढं मी आणि सर. ते गाडी चालवत होते आणि माझ्याशी बोलायचं असलं की रस्त्याकडेला गाडी थांबवून माझ्याकडे वळत होते. त्यामुळे पोचायला खूप वेळ लागला.

“मला का नाही सांगितलंस?” पहिल्यांदा थांबवून त्यांनी विचारलं.

“तुम्ही नाही म्हणाला असता.”

“म्हणालोच असतो!” त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला. “उद्यापण म्हणंन. तिला भीतीत घातलंस तू.”

“घातलं,” मी म्हटलं. “तीही कसोटीला उतरली. तुम्हीच सांगता, घोड्याला भित्रं म्हणायच्या आधी एकदा विचारून बघावं.”

त्यांनी गाडी सुरू केली. थोडं पुढं गेल्यावर परत थांबवली.

“पुढल्या महिन्यात साताऱ्याला स्पर्धा आहे. नाव घालू?”

“घाला.”

“त्यांच्या अर्जात एक रकाना असतो, स्वाराला दिसतंय-ऐकू येतंय का. तिथं काय लिहू?”

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग त्यांच्याकडे वळले.

“लिहा, घोडीला चांगलं ऐकू येतं.”

सर मिशी नसलेल्या ओठांनी हसले, आणि साताऱ्याच्या अर्जात त्यांनी खरंच तसं लिहिलं.